थाई हॉटेलसारखं आल्याचं सॅलड ड्रेसिंग घरी कसं करायचं? (इंदूरात मिळेल त्या सामानात)

निंबूपानी
नमस्कार मंडळी, शोधून पाहिलं पण या विषयावर धागा सापडला नाही, असेल तर हा त्यात जोडून टाका. विजयनगरकडे एक हॉटेल आहे, थाई-चायनीज-जपानी सगळं एकाच मेनूत, तिथे सॅलडवर एक केशरी रंगाचं ड्रेसिंग येतं, जरा दाणेदार, आंबटगोड आणि गिळलं की घशाशी आल्याचा झटका. घरातली पोरं त्याच्या नादाने कच्ची पत्ताकोबी खायला लागलीत, जी मी एरवी पोह्यात लपवून पण खपवू शकत नव्हते. मेनूत त्याचं नाव 'थाई जिंजर ड्रेसिंग' आहे. रेसिपी विचारली तर वेटर हसतो आणि जास्तीची वाटी मागितली तर बिलात लावतो. नेटवर पाहिलं तर राइस व्हिनेगर, फिश सॉस, पाम शुगर अशी यादी, त्यातलं निम्मं आमच्या किराणेवाल्याला मी समजावून पण सांगू शकत नाही. आम्ही शाकाहारी आहोत, त्यामुळे फिश सॉस बाद. कोणी घरी केलं असेल तर नीट मापासकट सांगा, 'चवीनुसार' नको प्लीज.

पोहे_जलेबी
सॅलड? इंदूरात? भिया आधी छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत जाऊन ये मग ठरव.
असो, बसतो बाजूला, वाचतोय.

बँगकॉक_रिटर्न
ताई, तुम्ही जे वर्णन केलंय ना केशरी आणि दाणेदार, ते थाई नाहीच, मेनूवर काहीही लिहिलेलं असो. ते गाजर-आल्याचं ड्रेसिंग आहे. अमेरिकेतल्या जपानी हॉटेलांत, जिथे समोर तव्यावर करून वाढतात तिथे, सुरुवातीच्या सॅलडवर हेच ठरलेलं असतं आणि तिथून ते जगभरच्या 'एशियन' मेनूंत घुसलं. रंग गाजराचा, दाणेदारपणा गाजर-कांदा मिक्सरमधून पूर्ण बारीक न केल्याचा.

मी नोकरीच्या निमित्ताने बँगकॉकला राहिलोय, तिथे कुठल्या ठेल्यावर हे असलं काही दिसलं नाही. थाई लोक आलं भरपूर खातात पण दुसऱ्या जागी. आल्याच्या काडेपेटीच्या काड्यांसारख्या बारीक काड्या घालून भाजी-मांस परततात ते फात खिंग. पानाच्या विड्यासारखं एक प्रकरण असतं, मियांग खाम, त्यात पानावर भाजलेलं खोबरं, दाणे, आल्याचे आणि सालासकट लिंबाचे बारके तुकडे, मिरची, सुकट असं ठेवून वर गोडसर चिकट पाक घालतात आणि अख्खा घास तोंडात टाकतात. आणि खाओ मान गाय, म्हणजे उकडलेली कोंबडी आणि तिच्याच पाण्यात शिजवलेला भात, मूळचा चीनच्या हायनानकडच्या लोकांनी आणलेला, त्याच्याबरोबर एक वाटी मिळते, तिच्यात आलं, लसूण, मिरची, व्हिनेगर, साखर आणि ताओ जियाओ म्हणून सोयाबीन आंबवून केलेली खारट पेस्ट. मला विचाराल तर थाई आल्याचं ड्रेसिंग म्हणायचंच असेल तर ते ही वाटी. भात बाजूला राहतो आणि माणूस वाटी चाटतो.

त्यांच्या सॅलडच्या जातीला यम म्हणतात. कच्च्या पपईचं सोम तम सगळ्यांना माहीत आहे, ते कुटून करतात म्हणून वेगळं, पण चवीचा हिशोब तोच, लिंबू, फिश सॉस, साखर, मिरची. तेल जवळजवळ नाहीच. हे लक्षात ठेवलं तर अर्धं काम झालं, कारण नेटवरच्या बहुतेक 'थाई' रेसिप्या अर्धी वाटी तेलाने सुरू होतात.

निंबूपानी
अरे देवा, म्हणजे मी जपानी-अमेरिकन खात होते थाई समजून. चालेल, मला दोन्ही द्या. पोरांसाठी केशरी आणि माझ्यासाठी खरं थाई.

खलबत्ता
केशरी वालं माझ्याकडून घ्या, आमच्याकडे नेहमी होतं.

गाजर शंभर ग्रॅम, म्हणजे मध्यम एक. पांढरा कांदा मिळाला तर बरा, पाव कांदा, त्याहून जास्त नको कारण दुसऱ्या दिवशी कांद्याचा वास सगळ्यावर चढतो. आलं पंचवीस ते तीस ग्रॅम, अंगठ्याएवढा तुकडा म्हणा. व्हिनेगर तीन टेबलस्पून, सोया सॉस एक टेबलस्पून, साखर दीड टीस्पून, मीठ चिमूट, भाजलेले पांढरे तीळ एक टेबलस्पून आणि साधं रिफाइंड सोयाबीन तेल चार ते पाच टेबलस्पून. तेल सोडून बाकी सगळं मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवायचं, सलग चालवलं की चटणी होते, मग शेवटी तेलाची धार सोडत एकदा फिरवायचं. गाजराचे कण दिसले पाहिजेत. फार घट्ट वाटलं तर पाणी, तेल नाही.

थंडीतलं आपलं लाल गाजर घेतलं तर रंग केशरी नाही, लालसर येतो आणि गोडी जास्त म्हणून साखर निम्मी. केशरीच हवं असेल तर बारमाही मिळतं ते केशरी गाजर घ्या.

व्हिनेगरचं एक सांगतो. पांढरं स्वस्त जे बाटलीत मिळतं त्यावर 'सिंथेटिक' लिहिलेलं असतं, ते ॲसिटिक ॲसिड पातळ करून केलेलं, नाकात जातं. राइस व्हिनेगर नसेल तर तेच दोन टेबलस्पून घ्या आणि एक टेबलस्पून पाणी घाला, धार कमी होते. सफरचंदाचं असेल तर उत्तम, ते नुसतं चालतं.

रामबागकर
एक भाबडा प्रश्न. लिंबू, साखर, मीठ, हिरवी मिरची, दाण्याचं कूट, वर कोथिंबीर. याला आमच्या घरी खमंग काकडी म्हणतात. बँगकॉकचं तिकीट न काढता.

पोहे_जलेबी
आला, काडी टाकणारा आला.

रामबागकर
काडी कसली, खरंच विचारतोय. आजीच्या हातची खमंग काकडी आणि हे यम यात फरक काय ते सांगा, मी शांत बसतो.

बँगकॉक_रिटर्न
सांगाडा सारखाच आहे, ते नाकारत नाही. थाई माणसाला खमंग काकडी वाढली तर तो दोन मिनिटांत 'अजून मिरची आहे का' म्हणेल आणि खाईल. फरक तीन जागी आहे.

एक, फोडणी. आपल्याकडे तूप-जिरं-हिंग, कोणी मोहरी, वरून चर्र करून ओततो, त्यामुळे चव गोल होते, आंबटाची धार बोथट होते. यमला ती धार तशीच हवी असते. दोन, काकडीचं पाणी. आपण काकडी चोचवून, मीठ लावून पिळतो, मग दाण्याचं कूट उरलंसुरलं पाणी पितं. ते लोक भाजी कोरडी आणि मोठी ठेवतात आणि ड्रेसिंग शेवटच्या मिनिटाला. तीन आणि सगळ्यात मोठा, खारटपणा कुठून येतो. आपल्याकडे मीठ, म्हणजे फक्त खारट. त्यांच्याकडे फिश सॉस, मासळी मिठात वर्षभर मुरवून काढलेलं पाणी, त्यात खारटाच्या मागे एक मांसल चव असते जी नुसत्या मिठात नाही. शाकाहारी करताना ही जागाच रिकामी राहते आणि म्हणून लोक म्हणतात घरी केलं की हॉटेलसारखं लागत नाही.

निंबूपानी
मग ती जागा भरायची कशाने?

बँगकॉक_रिटर्न
सोया सॉसने, पण कुठला ते बघून. आपल्याकडे इंडो-चायनीजसाठी जो काळाकुट्ट 'डार्क' सोया मिळतो त्यात रंग जास्त आणि गोडसर जडपणा, तो घातला की ड्रेसिंग मंचूरियनच्या ग्रेवीसारखं दिसतं. 'लाइट' लिहिलेला घ्या, तो रंगाला पातळ आणि जास्त खारट असतो. थायलंडमध्ये पण जे लोक व्रताचं शाकाहारी खातात, त्याला तिथे 'जे' म्हणतात, ऑक्टोबरच्या आसपास तो उत्सव येतो आणि ठेल्यांवर पिवळे झेंडे लागतात, ते फिश सॉसऐवजी लाइट सोयाच वापरतात. त्यामुळे आपण काही जुगाड करतोय असं समजू नका. रच्याकने, त्या 'जे' जेवणात लसूण-कांदा पण नसतो, म्हणजे आपल्या चातुर्मासाच्या जवळ जाणारं आहे.

माळवा_मेल
मजा बघा, अख्खा माळवा सोयाबीन पिकवतो, खंडवा रोडवर सोयाबीनचं राष्ट्रीय संशोधन केंद्र बसलंय, घराघरात सोया तेल आहे, सोया वडी आहे, आणि चांगला आंबवलेला सोया सॉस मात्र बाहेरून येतो. कोणीतरी धंदा करा रे.

खलबत्ता
बाटलीमागचं वाचायचं. घटकांत सोयाबीन, गहू, मीठ, पाणी असं असेल आणि 'ब्रूड' किंवा 'फर्मेंटेड' असेल तर घ्या. आधी कॅरॅमल रंग आणि हायड्रोलाइज्ड प्रोटीन दिसलं तर परत ठेवा. मोठ्या सुपरमार्केटात पहिलं वालं आता सहज मिळतं, महाग आहे पण एका वेळी दोन चमचे लागतं.

निंबूपानी
ओके. आता ते खरं थाई वालं मापासकट टाका ना कोणीतरी. आणि आलं किसू, कुटू की वाटू ते पण.

सुदामानगरची_मावशी
आल्यापासून सुरू कर बाळा, कारण तिथेच सगळे गडबडतात. मंडईतून मोठा गड्डा बघून घेतात, तो जुना असतो, आत दोरेच दोरे. ड्रेसिंगला कोवळं हवं. नखाने साल खरवडलं की सहज निघालं पाहिजे आणि तुकडा मोडला की काटकन आवाज यावा, चिवट वाकला तर तो चहात घाल. थंडी सुरू होताना नवं आलं येतं ते पातळ सालाचं, गुलाबीसर टोकं असलेलं, तेव्हा हे करायची खरी मजा. सुरीने सोलू नकोस, चमच्याच्या कडेने खरवड, निम्मं आलं सालात जात नाही.

जुनंच मिळालं तर आधी दोऱ्यांना आडवे पातळ काप कर, चकत्या, मग त्या कुट. उभं कापून मिक्सरला लावलं तर दोरे तसेच राहतात आणि दातात अडकतात. नाहीतर बारीक किसणीवर किसून मुठीत पिळ, रस घे, चोथा भाजीच्या वाटणात टाक. पाहुणे असले की मी रसच घेते, दिसत काही नाही आणि झटका मात्र बसतो.

सुंठ घालू नकोस हं. कोणीतरी सांगेलच.

आल्याची_वडी
मी सांगणारच होते सुंठ 😀 का नको मावशी?

रसायनशाळा
मी सांगतो, माझं कामच हे आहे. ताज्या आल्याचा तिखटपणा जिंजरॉलचा. आलं वाळवलं की त्यातलं पाणी जाऊन काही जिंजरॉलचं शोगाओल होतं, ते त्याहून तिखट. म्हणून सुंठीचा तिखटपणा कोरडा, घशात बसणारा. आणि आलं शिजवलं की झिंजेरोन तयार होतं, ते गोडसर-मसालेदार वासाचं आणि तिखटाला सौम्य. म्हणजे चहातलं आलं, काढ्यातली सुंठ आणि सॅलडमधलं कच्चं आलं या तीन वेगळ्या चवी आहेत. शिवाय ताज्या आल्याचा जो लिंबासारखा उडता सुवास असतो तो वाळवताना बराच निघून जातो, आणि ड्रेसिंगमध्ये आपल्याला तोच पाहिजे. त्यामुळे मावशींचं बरोबर आहे.

दुसरी गोष्ट, कच्च्या आल्यात प्रोटीन तोडणारं एन्झाइम असतं, झिंजिबेन. चीनमध्ये ग्वांगडाँगकडे आल्याच्या रसावर गरम दूध ओतून ते खरवसासारखं थिजवतात ते त्याच्याच जोरावर. म्हणून कोणी हे ड्रेसिंग चक्क्यात घालून क्रीमी करणार असेल तर लगेच खा, डब्यात भरून उद्यासाठी ठेवलं तर कडवट लागायला लागतं.

आल्याची_वडी
खरवस आल्याने!! हे आज रात्रीच करणार. धागा भरकटवते पण दूध किती गरम?

रसायनशाळा
साधारण ७० डिग्री. उकळतं नको, एन्झाइम मरतं. रस ताजा काढलेला आणि खाली बसलेलं पांढरं पिठूळ ढवळून घे. दूध वरून ओतायचं आणि मग वाटीला हात लावायचा नाही. बाकी नवीन धागा काढ.

खलबत्ता
आता थाई वालं. सहा माणसांच्या सॅलडला पुरतं.

आधी कोथिंबिरीची मुळं. मंडईत जी जुडी मिळते ती मुळासकट असते आणि आपण मुळं तोडून फेकतो, ती फेकू नका. थाई स्वयंपाकात कोथिंबिरीचं मूळ, लसूण आणि मिरं हे तीन एकत्र कुटून पाया घालतात, आणि तिकडे परदेशात बसलेले लोक मुळं मिळत नाहीत म्हणून रडत असतात, आपल्याकडे भाजीवाला भाजीवर फुकट देतो त्या मूठभर कोथिंबिरीला पण ती लागलेली असतात. तीन-चार मुळं पाण्यात भिजत टाका, जुन्या टूथब्रशने माती काढा.

खलात मुळं, दोन पाकळ्या लसूण, चार दाणे मिरं आणि चिमूटभर जाडं मीठ, मीठ खरखरीत असलं की कुटताना घसरत नाही. मग एक टेबलस्पून भरून किसलेलं आलं, दोन हिरव्या मिरच्या, लवंगी असेल तर एक. हे फार गुळगुळीत करायचं नाही. मग दीड टेबलस्पून साखर किंवा गूळ घालून घोटायचं, विरघळला की तीन टेबलस्पून लिंबाचा रस, दोन टेबलस्पून लाइट सोया, दोन टेबलस्पून पाणी. शेवटी दोन टेबलस्पून जाडसर दाण्याचं कूट आणि एक टीस्पून तीळ भाजून कुटलेले. तेल नाही. फारच ओढ असेल तर एक टीस्पून.

मिक्सर का नाही तर इतकं कमी माप मिक्सरच्या भांड्यात नुसतं भिंतीला चिकटतं, पाणी घालत बसावं लागतं. लहान दगडी खल नसेल तर राजवाड्यामागे बर्तन बाजारात मिळतो, हाताने उचलून जड लागेल तोच घ्या.

बँगकॉक_रिटर्न
खलबत्ता, माप झकास. दोन गोष्टी जोडतो. लिंबाचं आपलं नशीब चांगलं आहे, थायलंडमध्ये जे मनाव वापरतात ते आपल्या कागदी लिंबाच्याच जातीचं. अमेरिका-युरोपातल्या रेसिप्यांत मोठं पिवळं लेमन लिहिलेलं असतं ते विसरा, आपलं लिंबू जास्त बरोबर.

गुळाचं बघून. त्यांची पाम शुगर नारळाच्या किंवा ताडाच्या फुलोऱ्यातला रस आटवून केलेली, रंगाला फिकट आणि चवीला कॅरॅमलसारखी हलकी. आपला उसाचा काळपट गूळ घातला की ड्रेसिंगला चिंचगुळाच्या आमटीचा वास येतो. पिवळा, हलका गूळ घ्या नाहीतर सरळ साखर. कोणाकडे दक्षिणेतून ताडगूळ आलेला असेल तर सोनं.

आणि चमच्याने चाखू नका. ड्रेसिंग चमच्याने चाखलं तर खारट-आंबट जहाल लागतं, मग माणूस घाबरून पाणी घालतो आणि सॅलड पचपचीत होतं. पत्ताकोबीचं एक पान बुडवून खा, त्यावर ठरवा.

रामबागकर
दाण्याचं कूट, लिंबू, साखर... मी काही बोलत नाही.

पोहे_जलेबी
बोलून झालं की तुझं 😂
जीरावन मसाला घातला तर? सीरियसली विचारतोय.

माळवा_मेल
जीरावन सगळ्यावर घालतोस तू, आइस्क्रीम सोडून. पण या ड्रेसिंगमध्ये नको, त्यातला आमचूर-काळं मीठ-हिंग सगळ्यावर बसतं, आलं शोधावं लागेल. उलटं कर, हिवाळ्यात गराडूचा कंद तळलास की लिंबू-जीरावनच्या ऐवजी एकदा हे खलबत्ताचं ड्रेसिंग टाकून बघ, तेलकट गरम गराडूला आलं-लिंबू सॉलिड लागतं. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत कोणी असं विकत नाही म्हणून, नाहीतर रांग लागेल.

पोहे_जलेबी
हां भिया, आता बोललास कामाचं.

आल्याची_वडी
गॅलंगल म्हणून काहीतरी असतं ना थाई जेवणात? मी सियागंजला विचारलं तर त्याने कुलिंजन दिलं, वाळलेलं, लाकडासारखं. ते घालू का आल्याऐवजी?

बँगकॉक_रिटर्न
कूळ तेच, पण वाळलेलं काढ्यासाठी. गॅलंगलला थाईत 'खा' म्हणतात, तोम खा सूपमधलं तेच, ताजं लागतं आणि त्याचा वास राळेसारखा, आल्यासारखा नाही. तोही चिवट म्हणून सूपमध्ये चकत्या टाकून बाजूला काढून ठेवतात, कच्चा ड्रेसिंगमध्ये नाही टाकत कोणी. कुलिंजन घसा बसला की चघळा.

त्यापेक्षा आंबेहळद मिळाली तर दोन चकत्या आल्याबरोबर कुटा. हे थाई नाही, हे माझं डोकं, पण कैरीचा वास येतो आणि लिंबू थोडं कमी लागतं.

सुदामानगरची_मावशी
आणि गवती चहा? कुंडीत लावलेला असतोच की घरोघरी.

बँगकॉक_रिटर्न
मावशी, अगदी. लेमनग्रास तोच. फक्त आपण वरची पाती चहात टाकतो, ते लोक बुंधा वापरतात. जमिनीलगतचा पांढरट जाड भाग, बाहेरची दोन सालं काढून, कागदासारखा पातळ आडवा कापायचा, एका वेळी एक कांडी. पाती कुटल्या तर नुसतं गवत दातात. कुंडीतला बारीक असतो, दोन-तीन बुंधे लागतील.

रसायनशाळा
साठवणुकीचं कोणीच बोललं नाही म्हणून. तेलवालं केशरी ड्रेसिंग फ्रिजमध्ये बंद बाटलीत चार-पाच दिवस. थाई वालं त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, लिंबाचा रस शिळा झाला की कडवट होतो आणि सुवास जातो. कुटलेलं आलं-लसूण-मुळं वेगळं ठेवा आणि लिंबू खाण्याआधी पिळा, हे बरं.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने घ्या. कच्चा लसूण किंवा आलं नुसत्या तेलात बुडवून ओट्यावर दिवसेंदिवस ठेवायचं नाही. तेलाखाली हवा नसते, आंबटपणा नसतो, आणि बॉट्युलिझमच्या जिवाणूंना तेच लागतं. त्याचं विष वासाने-रंगाने कळत नाही. व्हिनेगर-लिंबू भरपूर असेल तर धोका पुष्कळ कमी होतो, तरी जागा फ्रिजच.

निंबूपानी
बरं झालं सांगितलंत. आणि हे बघा, मी केशरीवालं केलं, व्हिनेगरमध्ये लसूण आधी घालून ठेवला होता आणि त्याच्या कडा हिरव्या-निळ्या झाल्यात. फेकू?

रसायनशाळा
नका फेकू. लसणातली गंधकाची संयुगं आणि अमिनो ॲसिडं आंबटात एकत्र येऊन तसा रंग धरतात, लोणच्यात पण होतं, विशेषतः फ्रिजमधून काढलेल्या लसणाला. खायला हरकत नाही. उत्तर चीनमध्ये मुद्दाम हिरवा करून खातात. आल्याची टोकं व्हिनेगरमध्ये गुलाबी झाली तरी घाबरू नका, कोवळ्या आल्यातला रंग आहे तो, सुशीबरोबरचं गुलाबी आलं मूळ त्याच्यामुळेच गुलाबी, बाजारातल्यात बऱ्याचदा वरून रंग घालतात तो भाग वेगळा.

शिळी_भाकरी
उशिरा आले. भाजी कुठली घ्यायची यावर कोणी काही लिहिलं नाही. माझ्या मते ड्रेसिंगपेक्षा तिथेच खेळ हरतो. लेट्यूसवर ही दोन्ही घालू नका, पाच मिनिटांत लोळतो. पत्ताकोबी केसासारखी बारीक चिरून बर्फाच्या पाण्यात पंधरा मिनिटं, मग चाळणीत, मग जुन्या पंचात बांधून बाल्कनीत हात लांब करून गरगर फिरवायची, पाणी सगळं उडतं, खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगा. भाजी ओली राहिली की ड्रेसिंग खाली थाळीत. काकडीच्या बिया काढा. कच्ची पपई घेतली तर सोलून चीक धुवून टाका, हाताला खाज सुटते. मुळा थंडीत छान. वर भाजलेले शेंगदाणे अर्धे तोडून आणि पुदिना हातानेच फाडून.

शेव पण टाकते मी, बारीक रतलामी. थाई लोक माफ करतील.

पोहे_जलेबी
पहिलीच इंदूरी पोस्ट या धाग्यात.

चकलीचा_सोऱ्या
उपासाला चालेल का हे? 🙏

सुदामानगरची_मावशी
सोया बाद, लसूण बाद, तीळ बाद, कोथिंबीर ज्याच्या त्याच्या घरी चालते तसं. सैंधव, लिंबू, साखर, आलं, हिरवी मिरची, दाण्याचं कूट आणि दोन चमचे नारळाचं घट्ट दूध, काकडीवर. सोयाची कसर नारळाचं दूध थोडी भरून काढतं.

रामबागकर
मावशी, नारळाचं दूध घातलंत म्हणून वाचलात, नाहीतर मी परत येणार होतो. खरं सांगू, काल खलबत्ताच्या मापाने केलं. मुळं कुटल्यावर जो वास सुटला तो काकडीच्या कोशिंबिरीत मी आजवर घेतला नव्हता. बाकी माझं मत तेच.

निंबूपानी
शेवटचा प्रश्न मग त्रास देत नाही. आमच्या मंडळाच्या हळदीकुंकवाला तीस जणी आहेत, थाई वालं करायचं आहे, सगळं पाचपट करू का सरळ?

खलबत्ता
सरळ पाचपट नको. माणशी दीड टेबलस्पून धरा, तीस जणींना पंचेचाळीस टेबलस्पून, म्हणजे पाऊण लिटरच्या थोडं आत. लिंबाचा रस, सोया, साखर, पाणी, कूट हे पाचपट. लिंबं पंधरा ते अठरा लागतील, रसाळ असतील तर कमी, आधी ओट्यावर तळहाताखाली लोळवून घ्या. मिरची, लसूण आणि मिरं तिप्पट करून थांबा, पानावर चाखा, मग वाढवा, मोठ्या मापात तिखट अंगावर येतं. आलं चौपट.

कुटायचं काम आदल्या रात्री करून डबीत फ्रिजमध्ये. सकाळी साखर-सोया-पाणी मिसळा, लिंबू तिथे पोचल्यावर, आणि कूट वेगळ्या डब्यात न्या, आधी घातलं तर फुगून ड्रेसिंगची भाजी होते. भाजी न्यायच्या डब्यात तळाशी कोरडा पंचा घाला. वाढताना एकदम सगळ्यावर ओतू नका, परातीत दहा-दहा जणींचं कालवा, नाहीतर शेवटच्या दहा जणींना सूप मिळेल.

निंबूपानी
लिहून घेतलं. जानेवारीत लिंबू काय भाव आहेत ते बघते आणि पत्ताकोबीसाठी चोइथराम मंडीत सकाळी कोण येतंय सोबत ते सांगा, किलोकिलोने घ्यावी लागेल.

शिळी_भाकरी
मी येते, पण साडेसहाला निघायचं असेल तर. नंतर गेलं की गड्डे राहतात ते सैल, बारीक चिरले जात नाहीत. हातात जड आणि दाबलं की न दबणारा बघायचा, आणि देठाकडून काळपट असेल तर सोडायचा. तीस जणींना चार किलो बस झाली.